नोटीस लाविली आहे

निरोप सांगणें ही फार सोपी गोष्ट आहे, अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. घरांतला अनुभव नेमका उलट होता. पण घरच्या अनुभवाकडे शहाण्या माणसाचें सहसा लक्ष नसतें. दूधवाल्यास उद्यां अर्धा लिटर दूध जास्त सांगावें, एवढा निरोप तीन तोंडांतून जातां जातां अर्ध्याचा दीड होतो, हें आम्ही नित्य पाहत होतों. पण कारखान्यांत, जेथें कागद आहे, शिक्का आहे आणि खालीं सही आहे, तेथें असें कांहीं होत नसावें, असें आम्ही धरून चाललों होतों. ही समजूत कशी मोडली आणि तिची किंमत दुसऱ्यालाच कशी द्यावी लागली, तें आज सांगावयाचें आहे.

आमच्या नोकरीचीं बहुतेक वर्षें पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यांत गेलीं. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६६ सालीं टेल्को आली, आणि पाहतां पाहतां शेताच्या बांधांवरून कारखान्यांच्या भिंती धांवूं लागल्या. चाकण त्या वेळीं कांद्याच्या बाजाराचें गांव होतें. ज्यांना इतिहासाची आवड, त्यांना तें फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाएस्तेखानाविरुद्ध लढविलेल्या संग्रामदुर्गामुळें ठाऊक. आज त्याच चाकणच्या चौकांत पहाटे उभें राहिलें, तर कारखान्यांच्या बसगाड्यांची रीघ दिसते. त्यांत चढणारीं माणसें लातूर-नांदेडचीं असतात, वऱ्हाडांतलीं असतात, बिहारचीं आणि ओडिशाचींहि असतात. अशा माणसांना "सर्वांना कळविण्यांत येतें कीं" असें लिहिलें म्हणजे सर्वांना कळतें, असें मानणें हा केवढा भाबडेपणा! पण तो आम्ही पुष्कळ वर्षें केला.

आमचा कारखाना मोटारींचे सुटे भाग करणारा. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. कामगार-विभाग आमच्याकडे होता, आणि निरोप पोंचविण्याचीं साधनें आमच्याजवळ भरपूर होतीं. फाटकाशीं कांचेच्या दाराचा नोटीस बोर्ड होता. कचेरींतल्या मंडळींसाठीं ई-मेल होता. सुपरवायझर लोकांचा व्हॉट्सॲपवर समूह होता. कँटीनमध्यें एक मोठा पडदा होता. त्यावर उत्पादनाचे आंकडे आणि सणावारांच्या शुभेच्छा आळीपाळीनें झळकत. शिवाय एक सूचनापेटी होती. ती व्यवस्थापकांच्या खोलीच्या दाराशींच टांगलेली असल्यामुळें तिच्यांत चिठ्ठी टाकावयाला जो हात वर होई, तो सर्वांना दिसे. वर्षअखेर पेटी उघडली, तेव्हां आंत बसचीं दोन जुनीं तिकिटें आणि सुपारीची एक रिकामी पुडी निघाली. यावरून आम्हीं असा निष्कर्ष काढला कीं, कामगारांची कोणतीहि तक्रार नाहीं!

२०१८ च्या पावसाळ्यांतली गोष्ट. प्रेसच्या विभागांत पत्रा वारंवार अडकूं लागला होता, आणि पोरें तो हातानेंच ओढून काढीत. हें धोक्याचें होतें. प्रेसची मोटार बंद केली, तरी तिचें जड फ्लायव्हील आपल्या वेगानें कांहीं वेळ फिरतच राहतें. तेवढ्यांत क्लच लागला, तर वरचा भाग डायवर येऊन आदळतो. म्हणून आम्हीं नोटीस लिहिली. पत्रा अडकल्यास मुख्य कळ बंद करावी. फ्लायव्हील पूर्ण थांबल्याशिवाय डायमध्यें हात घालूं नये. पत्रा चिमट्यानेंच काढावा. मराठींत लिहिली, हिंदींत लिहिली, बोर्डावर लाविली, समूहावर धाडली, पडद्यावर दाखविली. खालीं आमची सही होती. त्या रात्रीं आम्ही समाधानानें झोंपलों.

नवव्या दिवशीं तिसऱ्या पाळींत एका पोराच्या उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. वय तेवीस. ठेकेदारामार्फत लागलेला, सात महिन्यांच्या मुदतीवर. आम्ही इस्पितळांत गेलों, ते मनांत एक वाक्य तयार करूनच गेलों होतों. तें बोलावयास नको होतें, पण बोलून गेलों.

"अरे, एवढी नोटीस लावली होती. वाचली नव्हतीस का?"

"वाचली होती कीं साहेब. पाठ म्हणून दाखवूं?"

आणि त्यानें ती खरोखरच पाठ म्हणून दाखविली. एक शब्द चुकला नाहीं. आम्ही खालीं पाहत राहिलों. मग तो हळूच म्हणाला, "पण साहेब, मशीन थांबवली, तर तेवढ्या वेळांतले नग कमी पडतात. ते कुणाच्या नांवावर लावणार, हें त्यांत नव्हतं. विचारायचं होतं. पण कागदाला काय विचारणार?"

या प्रश्नाचें उत्तर अगदीं सोपें होतें. ते नग कोणाच्याच नांवावर लागणार नव्हते. तो वेळ यंत्राच्या बंदीखालीं लिहावयाचा, असें आमचें आधींच ठरलें होतें. तें आम्हांला ठाऊक होतें, उत्पादन-विभागाला ठाऊक होतें. ज्याच्या दोन बोटांचा प्रश्न होता, त्या एकालाच तें ठाऊक नव्हतें. त्याच्या डोळ्यांसमोर ताशीं नगांचा आंकडा दाखविणारी पाटी अष्टौप्रहर उजळत होती, आणि मुदत संपल्यावर पुन्हां घेतील कीं नाहीं, ही चिंता पाठीशीं होती. आमचा निरोप त्याला पोंचला होता. त्याचा प्रश्न आमच्यापर्यंत पोंचण्याला मात्र वाटच नव्हती.

तेव्हांपासून निरोपाच्या साधनांचा विचार आम्ही निराळ्या रीतीनें करूं लागलों. पूर्वीं आम्ही विचारीत होतों, कोणत्या साधनानें निरोप लवकर जाईल? आतां विचारूं लागलों, कोणत्या साधनानें उलट प्रश्न परत येईल? बस अर्धा तास उशिरां येणार आहे, किंवा पावसामुळें उद्यां सुट्टी आहे, यांत विचारण्यासारखें फारसें नसतें; तेथें मोबाइल उत्तम. मात्र ठेक्यावरचीं माणसें समूहांत आहेत ना, हें आधीं पाहावें. रजा, पगार, बोनस यांचे नियम कागदावरच हवेत, कारण ते पुन्हां पुन्हां पाहावे लागतात आणि वाद पडल्यास दाखवावे लागतात. पण ज्या गोष्टींत माणसाच्या हाताचा किंवा पोटाचा प्रश्न आहे, ती गोष्ट माणसानेंच माणसाला सांगितली पाहिजे. आणि सांगून झाल्यावर तेथेंच उभें राहिलें पाहिजे.

यांत आम्हीं नवीन कांहीं शोधून काढलें, असें नाहीं. कारखान्यानें आपल्या माणसांशीं मराठींत बोलावें, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. किर्लोस्करवाडीस १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' काढली, ती कारखान्याचें पत्र म्हणूनच. पुढें तिचें घरोघर वाचलें जाणारें मासिक झालें. आपल्या कायद्यांतहि ही जाण दिसते. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानें नोकरीचे नियम इंग्रजींत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेंत कारखान्याच्या दाराशीं लावण्याचें बंधन घातलें. पण दुसऱ्याच वर्षीं, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानें, शंभर किंवा अधिक कामगार असतील तेथें मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी एकत्र बसतील अशी समिती नेमण्याची तरतूद केली. २०२५ च्या नोव्हेंबरांत नव्या श्रमसंहिता अमलांत आल्या आणि ते कायदे मागें पडले. परंतु त्या दोहोंकडे एकत्र पाहिलें, म्हणजे वाटतें कीं, एक कायदा कारखान्याला तोंड देणारा होता आणि दुसरा कान देणारा. आम्हीं तोंडाची व्यवस्था चोख ठेविली आणि कान बुजवून टाकला होता.

पुढें आम्हीं प्रत्येक पाळीच्या आरंभीं दहा मिनिटें राखून ठेविलीं. सुपरवायझरनें उभ्या उभ्या एकच गोष्ट सांगावी, आणि मग "समजलें ना?" असें न विचारतां "काय समजलें, तें सांगा" असें म्हणावें. ज्याला मराठी किंवा हिंदी नीट येत नसेल, त्याला त्याच्याच मुलखांतल्या सोबत्यानें समजावून द्यावें. ज्या प्रश्नाचें उत्तर तेथल्या तेथें देतां येणार नाहीं, तो बोर्डावर लिहावा आणि दुसऱ्या दिवसाच्या आंत त्याखालीं उत्तर लिहावें. उत्पादनाच्या साहेबांनीं हिशेब मांडून दहा मिनिटांत किती नग बुडतात तें दाखविलें. आम्ही फक्त त्या पोराचा प्रश्न त्यांना सांगितला. मग त्यांनीं तो विषय पुन्हां काढला नाहीं.

पहिले पंधरा दिवस कोणी तोंड उघडलें नाहीं. सूचनापेटीचा अनुभव लोक विसरले नव्हते. सोळाव्या कीं सतराव्या दिवशीं एकानें विचारलें, "हातमोजे घामानें ओले होतात, ते सुकवायचे कुठं?" प्रश्न लहान होता. पण दुसऱ्या दिवशीं भिंतीला एक दोरी लागली, आणि तिसऱ्या दिवशीं तीन प्रश्न आले. यामुळें सगळे अपघात टळले, अशी फुशारकी आम्ही मारीत नाहीं. मात्र कोणती प्रेस अडते आणि कोणता सुपरवायझर रागें भरतो, हें अपघाताच्या आधीं कळूं लागलें. हें थोडें नाहीं.

तो पोरगा पुढें स्टोअरच्या खिडकीवर बसूं लागला. डाव्या हातानें लिहावयास शिकला. आम्ही गेलों कीं हंसून "बसा साहेब" म्हणे. त्या हंसण्यांत दोष देण्याचा भाव नसे, आणि त्यामुळेंच तें आम्हांला अधिक जड जाई.

निवृत्त होऊन निघालों, तेव्हां ती नोटीस आम्हीं बरोबर आणली. ती आमच्या टेबलाच्या खणांत आहे. अजून कधीं कधीं वाचतों. भाषा शुद्ध आहे, विरामचिन्हें जागच्या जागीं आहेत, सांगितलेलें सगळें खरें आहे. सहीच्या खालीं चार बोटें कोरी जागा आहे. एक प्रश्न आणि त्याचें उत्तर तेथें सहज मावलें असतें.