पाणी किती आणि पृष्ठ किती

वस्तूस नांव देतांना मनुष्य तिच्या कोणत्या गुणाकडे प्रथम पाहतो, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. आपल्या स्वयंपाकघरांतील भांड्यांचींच नांवें घ्या. घागर म्हटली कीं अरुंद गळा व फुगीर पोट डोळ्यांपुढें येतें. घंगाळ म्हटलें कीं रुंद तोंड आणि दोन बाजूंच्या कड्या. परात म्हटली कीं पसरट तळ व बुटका कांठ. त्यांत पाणी किंवा पीठ किती मावेल, हें तीं नांवें सांगत नाहींत. उलट दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हीं नांवें ‘किती’ तें नेमकें सांगतात; परंतु भांडें उभट कीं पसरट, याविषयीं तीं मुकीं असतात. आकाराचीं नांवें आणि मापाचीं नांवें अशीं हीं दोन कुळें आहेत. त्यांतील भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा आहे, असें पुष्कळांस वाटेल. आमच्या घरीं मात्र तो प्राणांशीं निगडित झाला.

आमचें पडघ्याचें कुटुंब एकत्र आहे. गेल्या वर्षीं माझ्या धाकट्या बंधूंच्या नातवास वाढदिवसाची भेट म्हणून कांचेचें एक गोल भांडें व चार सोनेरी मासे मिळाले. पाणी जितकें अधिक तितकें माशांस सुख अधिक, अशा समजुतीनें त्यानें तें भांडें गळ्यापर्यंत भरलें. तिसऱ्या दिवशीं मासे वर येऊन तोंडें उघडूं लागले, आणि चौथ्या दिवशीं सकाळीं चारही मेलेले आढळले. मुलगा रडला नाहीं. त्यानें मला इतकेंच विचारलें, “आजोबा, पाणी तर काठोकाठ होतें, मग ते गुदमरले कसे?”

मासा पाण्यांत विरघळलेला प्राणवायु घेतो, आणि स्थिर पाण्यांत तो वायु मुख्यतः हवेला लागलेल्या पृष्ठभागांतूनच शिरतो. गोल भांड्याचें पोट कितीही मोठें असलें, तरी तें गळ्यापर्यंत भरल्यावर पाण्याची हवेशीं गांठ पडते ती त्या अरुंद वर्तुळापुरतीच. शिवाय माशांच्या शरीरांतून निघणारा अमोनिया थोड्या पाण्यांत लवकर सांचतो, तोही घातकच. “पाणी पुष्कळ होतें, पण पाण्याचें तोंड लहान होतें,” असें मीं त्यास समजावून सांगितलें.

पुढें नवी टाकी घेण्याचें ठरलें, तेव्हां आम्ही दोघे कल्याणास गेलों. दुकानदारानें विचारलें, “गुरुजी, दीड फुटी देऊं कीं दोन फुटी?” दशमान मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ सालीं झाला, व पाणी आपण आतां लिटरनेंच मोजतों, तरी कांचेची टाकी अद्याप फुटानें ओळखली जाते, आणि तो फूटही केवळ लांबीचा. रुंदी व उंची ज्यानें त्यानें समजून घ्यावयाची. आमच्या गांवावरून आग्रा रस्त्यानें रात्रंदिवस कंटेनर जात असतात. त्यांसही ‘वीस फुटी’, ‘चाळीस फुटी’ असेंच म्हणतात. परंतु तेथें आठ फूट रुंदी सर्व जगानें ठरवून टाकली आहे, आणि उंची एक फुटानें वाढली तर ‘हाय क्यूब’ असें निराळें नांव देतात. म्हणून एका अंकानें काम भागतें. टाक्यांच्या बाबतींत असा ठराव नाहीं. त्या दुकानांत ‘दोन फुटी’ म्हणून दोन टाक्या शेजारीं ठेवल्या होत्या. एक १२ इंच रुंद व १२ इंच उंच. दुसरी ९ इंच रुंद व १६ इंच उंच. मुलाकडून मीं गुणाकार करविला. दोहोंत पाणी बरोबर सारखें, दोन घनफूट, म्हणजे सुमारें ५६ लिटर. पृष्ठभाग मात्र पहिलीचा दोन चौरस फूट व दुसरीचा दीडच.

अमेरिकेंत टाक्यांस गॅलनांवरून नांवें आहेत. तेथें वीस गॅलनांच्या दोन प्रचलित टाक्या आहेत. ‘लाँग’ ही ३० इंच लांब व १२ इंच रुंद, ‘हाय’ ही २४ इंच लांब व १२ इंच रुंद. अंक एकच, पण पृष्ठभाग एकीचा ३६० व दुसरीचा २८८ चौरस इंच. चाळीस गॅलनांची ‘ब्रीडर’, म्हणजे पैदाशीची, टाकी ३६ इंच लांब व १८ इंच रुंद असते. तिचा पृष्ठभाग ६४८ चौरस इंच भरतो. पंचावन्न गॅलनांची टाकी ४८ इंच लांब, पण सुमारें १३ इंचच रुंद. तिचा भरतो ६२४. पंधरा गॅलन पाणी अधिक, आणि श्वासाची जागा कमी! त्यांतून गॅलनही सर्वत्र एक नाहीं, अमेरिकेचा ३.७८५ लिटरांचा, तर इंग्लंडचा ४.५४६ लिटरांचा.

या संदर्भांत भास्कराचार्यांची लीलावती आठवते. ११५० च्या सुमाराच्या या ग्रंथांत धान्याचें माप सांगतांना आचार्य प्रथम आकार सांगतात. लांबी, रुंदी व उंची एकेक हात आणि कडा बारा, असें जें पात्र तो घनहस्त. मगध देशांत त्यासच खारी म्हणत. खारीचा सोळावा भाग द्रोण. त्याच्या पुढें चौथ्या चौथ्या हिश्शानें आढक, प्रस्थ व कुडव. दीड फुटाचा हात धरला तर खारी सुमारें ९५ लिटरांची होते. आजच्या कांचेच्या चौकोनी टाकीच्या कडा मोजून पाहाव्या. त्या बाराच भरतात. माप आणि आकृति एकाच व्याख्येंत बांधण्याचें हें धोरण मला फार शहाणपणाचें वाटतें.

आम्हीं रुंद टाकी पसंत केली. सूनबाईंचें मत उंच टाकीकडे होतें, कारण माजघरांत येण्याजाण्याची वाट अरुंद. त्यांचें म्हणणें वावगें नव्हतें. घरांत माणसांसही वावरावयाचें असतें. अखेर टाकी ओसरीवरील दगडी ओट्यावर, उन्हापासून दूर ठेवण्याचें ठरलें. भरल्यावर पाण्याचेंच वजन ५६ किलो होतें, तें फळीस पेललें नसतें. आतां घरांतील मुलें रुंद टाकीस ‘परात’ व उंच टाकीस ‘घागर’ म्हणतात. कोणत्याही दुकानाच्या यादींत हीं नांवें सांपडणार नाहींत, परंतु टाकीचा गुण त्यांतून तत्काळ कळतो.

ज्या घरीं मुलांस मासे पाळावयाचे असतील, तेथील मंडळींनीं ‘किती फुटी’ किंवा ‘किती लिटर’ एवढ्यावर थांबूं नये. लांबी, रुंदी व उंची हे तिन्ही अंक विचारावे, व त्यांतील पहिल्या दोहोंचा गुणाकार मुलांकडूनच करवावा. नांव हें बाजाराच्या सोयीचें असतें; ज्या जीवास त्या भांड्यांत राहावयाचें आहे, त्याच्या बाजूनें तें एकवार तपासून पाहणें हें घरांतील वडील माणसांचें काम होय.