व्हिएन्नाहून दोन पत्रे

व्हिएन्ना, मंगळवार रात्र

ती. बाबांस, सा. न.

सुखरूप पोचले. आईने कोंबलेला स्वेटर रोज अंगात आहे, तिला सांगा.

आज बोल्ट्समानगासेवरच्या तीन नंबरच्या इमारतीत गेले होते. १९१० मध्ये ती रेडियमच्या अभ्यासासाठी उभी राहिली. आता तिथे क्वांटम ऑप्टिक्सची संस्था आहे. २०२२ च्या नोबेलचे एक मानकरी आन्तोन त्साइलिंगर इथलेच.

एका विद्यार्थिनीने प्रयोगशाळा दाखवली. जाड काळा पडदा, आत अंधार. पोलादी मेज हवेच्या दाबावर तरंगत ठेवलेले, बाहेरचा हादरा पोचू नये म्हणून. वर आरसे-भिंगे इतकी की चष्म्याचे दुकानच वाटावे. लेसरचा किरण बेरियम बोरेटच्या चिमुकल्या स्फटिकात शिरतो. अब्जावधी फोटॉनांतला एखादाच फुटून त्याचे दोन होतात. एकाची डोलण्याची दिशा मोजली की दुसऱ्याची कळते, तो कितीही लांब असो.

"म्हणजे निघतानाच ठरवून निघाले असतील," मी म्हटले. ती हसली. नेमकी हीच शंका प्रयोगांनी मोडून काढली, म्हणून तर तिघांना ते नोबेल! पूर्ण समजले असे लिहीत नाही. तुम्हाला थाप लगेच कळते.

शुक्रवार, डॅन्यूबच्या काठावरून

ती. बाबा,

आजचे पत्र खास तुमच्यासाठी. २००४ मध्ये इथल्या लोकांनी एका फोटॉनची अवस्था ६०० मीटरवर, नदीच्या पलीकडे, दुसऱ्या फोटॉनवर उतरवली. त्यासाठी ८०० मीटर फायबर कुठून नेली असेल? नदीखालच्या गटाराच्या बोगद्यातून! तुमच्या केबलच्या नि मॅनहोलच्या गोष्टी ऐकत वाढले मी; हे शास्त्र पहिल्यांदा घरचे वाटले.

हा दुसरा फोटॉन गेला केबलमधून, पण अलीकडच्या काठावरच्या मोजणीचा निकाल गेला नदीवरून, मायक्रोवेव्हने. तो निकाल मिळाल्याखेरीज पलीकडच्याच्या हाती काही लागत नाही. तेव्हा प्रकाशाहून वेगाने निरोप जातो, हे आपल्याकडे छापून येते ते साफ चूक. शर्यत म्हणाल तर तुमची केबल हरली. काचेतून प्रकाश हवेतल्यापेक्षा सावकाश, साधारण दोन तृतीयांश वेगाने जातो. म्हणून निकाल आधी पोचायचा आणि फोटॉन येईपर्यंत पलीकडचे यंत्र तयार असायचे.

बोगद्यात ऊन-गार झाले की फायबरमधल्या प्रकाशाच्या डोलण्याची दिशा फिरते. तुम्हाला नवल वाटणार नाही.

बाबांनी तीस वर्षे केबलचे सांधे जोडले, हे मी मंगळवारच्या त्या विद्यार्थिनीला सांगितले. सांध्यात पाणी शिरू नये म्हणून तुम्ही काय करायचात, असे तिने विचारले आहे. मला नीट सांगता आले नाही. रविवारी फोन करते, तेव्हा सांगा.

तुमची,
बेबी