नियमाची किंमत

४ जून
भाचीने यादी पाठवली. विज्ञानकथेच्या अ‍ॅनिमे मालिका, आणि प्रत्येकीपुढे चार रकाने: कथा, चित्रं, संगीत, पात्रं. दहापैकी गुण द्यायचे. ‘मामा, तूही भर ना.’ पहिल्याच ओळीला अडलो. ‘काउबॉय बीबॉप’मध्ये योको कान्नो यांच्या संगीताला डोळे मिटून दहा देईन, पण विज्ञानकथा म्हणून ती मालिका कशी आहे, हे त्या दहातून कसं कळणार? माझा प्रश्न वेगळाच असतो. लेखकाने जगाचा एखादा नियम बदलला, बदलू दे. पण त्या बदलाची किंमत कोण मोजतं? कुणीच मोजत नसेल तर उरते ती नुसती यंत्रांची आरास.

६ जून
‘प्लॅनेटीस’ पुन्हा काढली. २००३ ची मालिका. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) माकोतो युकिमुरा यांची, दिग्दर्शन गोरो तानिगुची यांचं. काळ २०७५. नायक-नायिका पृथ्वीभोवती फिरणारं भंगार गोळा करणाऱ्या खात्यात नोकरीला. खात्याला माणसं कमी, पैसा त्याहून कमी. कंपनीत त्याचं टोपणनावच ‘हाफ सेक्शन’. नव्याने रुजू झालेल्या नायिकेला, तानाबेला, मृत्युपत्र लिहून द्यावं लागतं आणि विमा विकणाऱ्या बायका तिच्या मागे लागतात. भविष्यकाळ इतक्या खऱ्या कागदपत्रांनिशी क्वचितच दिसतो.

सुरुवातीलाच एक सुटा स्क्रू प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळतो. बस, एवढंच. पण पृथ्वीजवळच्या कक्षेत वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने धावतात, त्यामुळे स्क्रूही पुरतो. त्या अपघातात बायको गेलेला, याच खात्यातला युरी वर्षानुवर्षं भंगार उचलतो आहे, आणि शोधतो आहे तिचं होकायंत्र. ते दिसतं तेव्हा त्याच्यामागे जाता जाता तो स्वतः पृथ्वीच्या ओढीत सापडायला येतो. यानाबाहेरच्या दृश्यांत स्फोटाचा आवाज नाही, कारण तिथे हवाच नाही. ही शिस्त पाळणाऱ्या मालिका हाताच्या बोटांवर मोजाव्यात.

९ जून
आज ‘मोबाइल सूट गंडम’, १९७९. माणसासारख्या घडणीचे प्रचंड लढाऊ सांगाडे तलवारी घेऊन अंतराळात का भांडतील? दुरून क्षेपणास्त्र सोडलं की काम झालं. योशियुकी तोमिनो आणि मंडळींनी यावर ‘मिनोव्हस्की कण’ काढले: ते पसरले की रडार आंधळं होतं, मग डोळ्यांना दिसेल इतक्या जवळ जाऊनच लढावं लागतं. उघड उघड सोयीची थाप. पण एकदा मारली आणि मग निभावली. समोरासमोर लढायचं म्हणजे समोरचा माणूस दिसणार. पोरगेला नायक आमुरो त्यानेच खचत जातो.

चित्रं मात्र जागोजागी कोसळतात. पंधरावा भाग तर इतका वेडावाकडा रेखाटला होता की तोमिनोंनी तो इंग्रजी आवृत्तीतून वगळायला सांगितला. त्याच भागाच्या गोष्टीवर २०२२ मध्ये योशिकाझू यासुहिको यांनी अख्खा चित्रपट केला. म्हणजे गोष्टीत दम होता! बावन्न भागांची योजना होती, प्रेक्षक मिळेनात म्हणून त्रेचाळीसात गुंडाळली. लोकप्रिय झाली ती नंतर, पुनःप्रक्षेपणातून आणि प्लॅस्टिकच्या मॉडेलांतून.

१० जून
‘इव्हँजेलियन’मधलं लिफ्टचं दृश्य. रेई आणि आसुका, दोघी गप्प, जवळजवळ मिनिटभर चित्र हलतच नाही. पैसा आणि वेळ वाचवायची ही जपानी दूरचित्रवाणीची जुनी युक्ती, तेझुकांच्या १९६३ च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासूनची. हिदेआकी आन्नो यांनी तीच काटकसर अवघडलेपण दाखवायला वापरली. शेवटच्या दोन भागांत मात्र तिचा अतिरेक झाला असं माझं मत आहे. भाचीला पटणार नाही.

१३ जून
‘प्लॅनेटीस’चा उत्तरार्ध. इथे माझा चडफडाट सुरू होतो. गुरूकडे जाणारं यान, त्यासाठीची निवड, दहशतवादी, बंदुका, धावपळ. भंगार उचलणं मागे पडतं आणि तानाबेची प्रेमावरची प्रवचनं वाढतात. (मांगात ती बरीच उशिरा येते, मालिकेने तिला पहिल्या दिवसापासून आणलं. नवख्या माणसाच्या नजरेतून खातं दाखवायला ते बरं पडलं, पुढे जड झालं.)

तरी दहशतवाद्यांचा राग लेखकाने हवेतून आणलेला नाही. आधीच्या एका भागात एल तानिका नावाच्या कल्पित गरीब देशाचा एक अभियंता स्वदेशी अंतराळपोशाख घेऊन येतो. कुणी चाचणीलाही घेत नाही. महत्प्रयासाने चाचणी होते, पोशाख चांगला ठरतो, आणि त्याच सुमारास त्याच्या देशावर फौजा चालून जातात. अंतराळाची संपत्ती मूठभर देशांकडे आणि किंमत बाकीच्यांकडे, हे त्या एका भागात जेवढं कळलं तेवढं पुढच्या साऱ्या गोळीबारात कळलं नाही.

१७ जून
‘स्टाइन्स गेट’ भाचीने सहाव्या भागाला सोडली होती. म्हणे काही घडतच नाही. अकिहाबारातली दोन-चार पोरं मायक्रोवेव्हला फोन जोडून भूतकाळात संदेश पाठवतात आणि प्रत्येकजण आपली इच्छा पुरवून घेतो. एका मुलाला मुलगी व्हायचं असतं, म्हणून त्याच्या आईला गरोदरपणी भाज्या खायला सांगणारा संदेश जातो! विनोद बरेचदा बाष्कळ, मुलींच्या बाबतीत तर चावटपणाकडे झुकणारा. बाराव्या भागात त्यांच्यातली मायुरी मरते, आणि तिला वाचवायचं तर एकेक संदेश मागे घ्यावा लागतो. त्यांच्यातल्याच फेयरिसला तिच्या संदेशामुळे वारलेले वडील परत मिळाले होते. तो रद्द करायला तिला स्वतःला ‘हो’ म्हणावं लागतं. निवांत गेलेल्या त्या पहिल्या भागांतच हे सगळं कर्ज काढलं गेलेलं असतं.

विज्ञान म्हणाल तर कच्चं. खालच्या मजल्यावर दुरुस्तीच्या दुकानातला जुना टीव्ही चालू असला तरच यंत्र चालतं; वर कृष्णविवरंही आहेत. नारळीकर वाचून वाढलेल्या माणसाला हे पचू नये, पण फेयरिसच्या त्या ‘हो’साठी मी टीव्हीसकट सगळं पचवलं. भाचीला लिहिलं: सातव्या भागापासून पुढे बघ. रकाने कोरेच पाठवले आहेत.