अंगठेबहाद्दर

रात्री साडेदहाला ॲम्प्लिफायर बंद, हा आमच्या घरातला करार. त्यानंतर गिटार वाजवायची ती कोरडीच. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अशा वेळी जेमतेम कुजबुजतात, आणि त्या कुजबुजीत एक आवाज नको इतका ठसठशीत ऐकू येतो. टिक्. तारेचा नव्हे, तारेवर आपटणाऱ्या प्लॅस्टिकचा. परवा बायकोनं आतून विचारलं, “पाल चुकचुकली का रे?” म्हटलं, “नाही गं, माझा अंगठा.”

हे प्लॅस्टिक म्हणजे थंब पिक: एक रुंद, उघडी अंगठी आणि तिला एका बाजूनं फुटलेलं पातं. अंगठी हा शब्द अंगठ्यावरून आलेला, पण आपण ती अंगठा सोडून बाकी सगळ्या बोटांत घालतो. मी ती मूळ जागी नेली, एवढंच. आईला ते पटत नाही. “अंगठ्यावर कसलं पीक काढतोस?” असं ती पाहुण्यांदेखत विचारते.

खरं तर जॅझ गिटारमधल्या सगळ्यात लाडक्या अंगठ्यावर काहीच नव्हतं. इंडियानापोलिसचा वेस मॉन्टगोमेरी. जन्म १९२३चा. विशीच्या उंबरठ्यावर गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डी ऐकून त्यानं गिटार हातात घेतली आणि त्याच रेकॉर्डी घोकून घोकून शिकला. स्वरलेखन वाचता येत नसे. दिवसा कारखान्यात काम, रियाजाला उरायची ती रात्र. पिकनं वाजवलं की शेजारी कुरकुरायचे, म्हणून त्यानं पिक बाजूला ठेवला आणि अंगठ्याच्या मांसल कडेनं तारा छेडायला सुरुवात केली. लिहिता-वाचता येत नाही आणि सगळी भिस्त अंगठ्यावर: याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, अंगठेबहाद्दर. आपण तो हिणवायला वापरतो. १९६०च्या ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस मॉन्टगोमेरी’ या रेकॉर्डवर हा अंगठेबहाद्दर खालचा सा आणि वरचा सा एकदम वाजवावा तशी अख्खी चाल दोन सप्तकांत वाजवतो. मधली तार डाव्या हाताच्या बोटानं मुकी करून, एकाच फटकाऱ्यात. पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. शेजाऱ्यांच्या झोपेपायी जन्मलेला तो आवाज अजून कुणाला हुबेहूब काढता आलेला नाही, असं माझं मत.

मीही वर्षभर उघडा अंगठा चालवून पाहिला. आवाज छानच, दुलईत गुंडाळल्यासारखा. अंगठ्याला घट्टा पडला, आणि बँकेतल्या यंत्रानं माझा ठसा ओळखायला नकार दिला. “अंगठा राहू दे काका, दुसरं बोट लावा,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. काका म्हटल्याचंच जास्त लागलं. पण उघडा अंगठा सोडला तो या कारणानं नव्हे. वेसच्या सोबतीला ड्रम, बास, पियानोवाले असत. मी घरात एकटा वाजवणारा. खालचे स्वर, मधले कॉर्ड, वरची चाल, सगळं एका हातातून काढायचं तर अंगठ्याला खणखणीत बोलावं लागतं आणि बाकीची बोटं मोकळी लागतात. चपटा पिक चिमटीत धरला की तर्जनी अडकलीच.

थंब पिकचं घराणं जॅझचं नाही. केंटकीतल्या कोळसा खाणींच्या मुलखात मर्ल ट्रॅव्हिस थंब पिकनं वाजवायला शिकला. चेट ॲटकिन्सनं त्याला रेडिओवर ऐकलं. ट्रॅव्हिस अंगठ्याच्या जोडीला एकच बोट वापरतो, हे रेडिओवर दिसणार कसं? ॲटकिन्सनं आपल्या समजुतीनं जास्तीची बोटं कामाला लावली आणि चुकून आणखी पुढे गेला. त्याच्या रेकॉर्डी पाठ करून मोठा झाला लेनी ब्रो. कंट्री गाणाऱ्या आई-बापांचा मुलगा, किशोरवयात विनिपेगला आलेला, पुढे बिल इव्हान्सच्या पियानोच्या नादी लागलेला. त्याची एक करामत मी दोन वर्षं गिरवतोय. उजव्या हाताची तर्जनी तारेच्या बरोबर मध्यावर नुसती टेकवायची आणि त्याच हाताच्या अंगठ्यातल्या पिकनं तार छेडायची. घंटेसारखा स्वर निघतो, एक सप्तक वरचा. लगेच दुसऱ्या बोटानं वेगळ्या तारेवर साधा स्वर. एक घंटेचा, एक साधा, असे ओवत गेलं की मोत्यांची माळ तुटून घरंगळावी तसं वाटतं. माझ्याकडे अजून बरेचसे मोती मुकेच पडतात.

आता थंब पिकची निवड. दुकानात लहान, मध्यम, मोठा एवढेच आकार. घट्ट बसला की तिसऱ्या गाण्याला अंगठ्याचं टोक जांभळासारखं होतं. सैल असला की वरच्या दिशेनं छेडताना गर्रकन फिरतो आणि पातं आकाशाकडे. सेल्युलॉइडचा असेल तर गरम पाण्यात सांडशीनं बुडवायचा, नरम झाला की हव्या त्या मापाला वळवायचा, लगेच गार पाण्यात. मी पहिल्यांदा पाण्याचा कंटाळा केला आणि गॅसवर धरला. भपकन पेटला. सांडशीसकट तो बेसिनमध्ये टाकला, तर स्वयंपाकघरात वास सुटला कापराचा. आई उठून आली, म्हणाली, “आत्ता कसली आरती?” सेल्युलॉइडमध्ये खरोखरच कापूर असतो, हे मग वाचलं.

पातंही नेहमी लांबच देतात. नेलकटरनं कापायचं, मग बारीक पॉलिश पेपरवर घासायचं, शेवटी जीन्सच्या मांडीवर. कड खरखरीत राहिली की तार कुरकुरते. सपाट पडलं की टिक्. जरा तिरकं धरलं की टिक् विरघळतं. सध्या मी पातं इतकं आखूड ठेवलंय की तारेला आधी अंगठ्याचं मांस लागतं, त्यापाठोपाठ पातं. वेसची दुलई थोडी, लेनीची घंटा थोडी. दोघांनाही आवडलं नसतं कदाचित.

गेल्या महिन्यात आत्या राहायला आली होती. तिनं चाळीस वर्षं सतार वाजवली. तिची तारेची नखी कुंकवाच्या जुन्या करंड्यात असते, अजूनही सोबत आणते. तर्जनीच्या पेरावर दोन्ही बाजूंना नखीचे वळ आहेत. सतार सुटून बारा वर्षं झाली, वळ गेले नाहीत. लहानपणी मला ते बोट दोऱ्यानं आवळलेलं वाटायचं.

रात्री मी कोरडीच गिटार घेऊन बसलो होतो. ती चष्मा लावून जवळ आली. “अंगठा दाखव बघू,” म्हणाली आणि स्वतःच हसली. मग पिक माझ्या अंगठ्यावरच धरून तिनं डावीउजवीकडे हलवून पाहिला, वळ कुठे पडलाय ते निरखलं, आपली तर्जनी शेजारी टेकवली.

“सैल आहे अजून,” ती म्हणाली. “कड दाब थोडी.”