नकाराची हद्द

दिवाळीच्या सुटींत आमची पुतणी घरीं आली होती. ती जीवशास्त्राची विद्यार्थिनी. माजघरांत टांगलेल्या केळ्यांच्या घडाभोंवतीं चिलटें घोंघावत होतीं आणि आम्ही पंचानें तीं हांकीत होतों. तें पाहून ती म्हणाली, "काका, नाहीं कसें म्हणावें, हें त्यांच्याकडून शिकण्यासारखें आहे बरें!" नाहीं म्हणण्यांत आमचा हात धरणारें घरांत कोणी नाहीं, सबब पंचा खांद्यावर टाकून आम्ही ऐकावयास बसलों.

चिलटाचें अंडें अवघें अर्धा मिलिमीटर लांब. पहिल्या कांहीं तासांतच त्यांत सुमारें ६००० पेशीकेंद्रें होतात, आणि प्रत्येकांत साऱ्या शरीराची संपूर्ण पोथी असते. प्रत्येकानें सर्वच पानें वाचावयाचें म्हटलें, तर डोकें कोठें आणि पोट कोठें हें ठरणार कसें? म्हणून कोणतें पान कोठें मिटून ठेवावें, याला वाचण्याइतकेंच महत्त्व आहे. ही घडण ठरविणारीं अनेक जनुकें क्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ड व एरिक वीशाउस यांनीं शोधून १९८० सालीं प्रसिद्ध केलीं. एडवर्ड लुइस यांच्यासह त्यांना १९९५ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

पान मिटणारीं प्रथिनें जनुकाजवळच्या नेमक्या जागीं जाऊन बसतात. परंतु पुष्कळदां त्यांचा नकार त्यांच्या एकट्याच्यानें अमलांत येत नाहीं. त्यांना सहकारी प्रथिन लागतें. अशा सहकाऱ्यांपैकीं दोन प्रसिद्ध आहेत. एक ग्राउचो. याच्या जनुकांत एक विशिष्ट बिघाड झाला म्हणजे चिलटाच्या डोळ्यांवर केसांचे झुबके येतात, म्हणून ग्राउचो मार्क्स या दाट भुंवयांच्या अमेरिकन विनोदी नटाचें नांव त्याला दिलें. दुसरा सीटीबीपी. 'हेअरी' हें प्रथिन ग्राउचोला बोलावतें. त्याचा नकार पोथीच्या हजार अक्षरांपलीकडेहि पोंचतो. 'क्रुपेल' सीटीबीपीला बोलावतें. त्याचा नकार शंभरएक अक्षरांपुरताच. हे दोन्ही सहकारी म्हणजे आईनें अंड्यांत घातलेली शिदोरी. सीटीबीपीची शिदोरी न मिळाली, तर गर्भाच्या अंगाचे खंड नीट पडत नाहींत.

आम्हीं विचारलें, "मग दूरवर चालतो तोच नकार श्रेष्ठ, नव्हे काय?"

"नाहीं, काका. जेथें जसा हवा तेथें तसा."

मग तिनें पट्ट्यांची गोष्ट सांगितली. 'ईव्हन-स्किप्ड' या एकाच जनुकाचे गर्भावर सात पट्टे उमटतात. दुसऱ्या पट्ट्याची आज्ञा पोथींत एके ठिकाणीं, तिसऱ्याची निराळ्या ठिकाणीं. क्रुपेल दुसऱ्या पट्ट्याला मागच्या बाजूनें आवर घालतें; पण तिसरा पट्टा उमटतो तो क्रुपेलच्याच मुलखांत! त्याचा नकार लांबवर गेला असता, तर तिसरा पट्टा उमटताच ना. १९९३ सालीं संशोधकांनीं या दोन आज्ञांमधलें अंतर काढून त्या लगत बसविल्या, तेव्हां पट्ट्यांचा मेळ बिघडला.

हें ऐकतां ऐकतां आम्हांस माळ्यावरची पेटी आठवली. तीन वर्षांपूर्वीं धाकट्या पुतण्याच्या परीक्षेच्या वेळीं आम्हीं म्हटलें होतें, "पेटी नको." अंमल वहिनींनीं केला. पेटी माळ्यावर गेली, आणि हिचें संध्याकाळचें गाणें थांबलें. परीक्षा झाली, निकाल लागला. पेटी कांहीं खालीं आली नाहीं. आमचा नकार एका खोलीपुरता, एका महिन्यापुरता होता. वहिनींनींच तो वाढविला, असें आम्हीं बोलून दाखविलें.

वहिनी स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "भावोजी, तो कोठवर, हें तुम्हीं सांगितलें होतेंत कधीं?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. घराला नकार हवाच. त्यावांचून घराला आकार येत नाहीं. पण तो पाळणाऱ्यांच्या हातीं देतांना त्याची हद्दहि सांगणें, हें नकार देणाराचेंच काम.

त्याच दुपारीं आम्हीं पेटी खालीं काढली. भाता उंदरांनीं कुरतडला होता. पुतणीनें पट्ट्यांवरून नुसतींच बोटें फिरविलीं आणि म्हणाली, "आतां गळाहि तसा राहिला नाहीं, काका." पेटी दुरुस्तीस दिली आहे.