ही आईची, ही नणंदेची, अन् ही माझी

गाणी रचणारा माणूससुद्धा आधी दुसऱ्याचीच गाणी गातो. अमेरिकेतील गीतकार बॉब डिलन यांची पहिली तबकडी १९६२ साली निघाली. तीत १३ गाणी होती आणि त्यांची स्वतःची फक्त २. बाकीची जुनी, ज्यांच्यावर ते वाढले अशी. त्याच डिलनना पुढे २०१६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे जात्यावर बसणारी बाई हेच करीत आली. आईची ओवी, सासूची ओवी म्हणता म्हणता ती मध्येच आपली एक जोडायची. जुन्या ओवीत आपल्या भावाचे, आपल्या लेकाचे नाव घालायची.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. या कामात १९९६ साली आपल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीतील बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ साली 'पारी' या ग्रामीण जीवनाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची मंडळी त्यांना पुन्हा भेटून गेली. त्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत, रमाबाई आहेत. पहिली, दुसरी अशी ओवी मोजण्याची रीत मात्र जुनीच. ज्या रीतीने आईने देवाला आळविले, त्याच रीतीने लेकीने बाबासाहेबांना गाइले. जुने गळ्यात होते म्हणूनच नवे सुचले.

खरिपाच्या बैठकीसाठी तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. तिथे सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना ओवी म्हणायची विनंती केली. त्या म्हणाल्या, "साहेब, जातं फिरल्याबिगर ओवी येत न्हाई." नातीने कोपऱ्यातले जाते झाडून दिले. खुंट्याला हात लागला आणि आजी अर्धा तास थांबल्या नाहीत. मधेच सांगायच्या, "ही आईची. ही नणंदेची. अन् ही माझी." कोणती ओवी कोणाची हा हिशेब कागदावर कुठेच नव्हता, पण आजींजवळ तो चोख होता.

आता दळण गिरणीवर जाते. जात्याबरोबर ओवी म्हणण्याची वेळही गेली. बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली म्हणून त्यांच्या पश्चात १९५२ साली पुस्तक निघाले. टिपली नसती तर ती बाईबरोबरच गेली असती.

घरात आजी असेल तर पेरणीची घाई सुरू होण्याआधी एवढे करा. तिची परवानगी घेऊन मोबाईलवर ओव्या भरून घ्या. प्रत्येक ओवीमागे तीन गोष्टी विचारा : म्हणणारीचे नाव, तिचे माहेर आणि ओवी कोणाकडून आली. तिने स्वतः रचलेली असेल तर तसे आवर्जून लिहा. बियाण्याच्या पिशवीवर आपण वाणाचे नाव घालतो, तसेच हे. एक प्रत दुसऱ्या घरीही ठेवा, कारण मोबाईल बिघडतो, हरवतो.

आणि नुसते साठवून ठेवू नका. रात्री जेवणे उरकली की लेकीने त्यातली एखादी म्हणून पाहावी. चाल गळ्यात बसली की तिला तिची स्वतःचीही सुचेल.