वाक्य पूर्ण होऊ द्या

मणिकर्णिका घाटाच्या पायऱ्यांवर दिवसरात्र 'राम नाम सत्य है' कानावर पडतं. तिरडीमागे सत्य उच्चारायला कुणाची परवानगी लागत नाही. याच काशीत एका शिक्षकाला मात्र बोलणं महागात पडलं. मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी संदीप पांडे आयआयटी-बीएचयूत अभ्यागत प्राध्यापक होते. जानेवारी २०१६मध्ये, मुदत संपण्याआधीच, त्यांची नेमणूक रद्द झाली. ठपका देशविरोधी कारवायांचा. एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला: त्यांची बाजू ऐकूनच घेतली नव्हती.

मराठी वाचकाला हे नवं नाही. संततिनियमनाच्या प्रचारापायी र. धों. कर्वे यांना १९२५मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. दोन वर्षांनी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं. प्रत्येकाला असं मासिक काढता येत नाही. कंत्राटावर शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणी वर्गात अर्धी वाक्यं गिळतात. पुढच्या वर्षीचं नेमणूकपत्र त्यांना डोळ्यांसमोर दिसत असतं.

अनुवाद करताना मूळ वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर अर्थ उलटा होतो. शिक्षकाच्या बोलण्यावर वाद जरूर घालावा. पण पगार थांबवण्याआधी त्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यावं.